अर्धा कोयता

दगडूमामा माणसं कोयत्यात मोजतात. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा, हे आमच्या बीडकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मामा हीच मोजणी लग्नाच्या पंगतीलाही लावतात. एकदा तालुक्याचे साहेब आमच्या दूध संघाच्या बैठकीला एकटेच आले, तर मामा चहावाल्याला ओरडले, "अर्धा कोयता आलाय रे, चहा आण!" चहावाल्यानं साहेबांना अर्धाच कप दिला.

आधी ऊस तोडून, मग मुकादमकी करून मामा या संघाचे संचालक झाले होते. एका साली दुष्काळ पडला, सभासदांच्या जनावरांना पाळीपाळीनं चारा वाटायचा होता आणि रोज मारामारीची वेळ येत होती. म्हणून पाळी लावणारं सॉफ्टवेअर करायला संघानं मला आणि सुनीताला, अशा दोन प्रोग्रॅमरना, नेमलं.

पहिल्याच बैठकीत मी दोन पद्धती मांडल्या. एक, आधी सगळं कागदावर लिहून काढायचं आणि चार महिन्यांनी पुरं काम हाती द्यायचं. दुसरी, थोडंथोडं करून दर आठवड्याला दाखवायचं. माझा कल पहिलीकडं होता, कारण तीत चार महिने कुणी विचारायला येत नाही.

"चार महिनं जनावरं तुजा कागद खातील का बे?" मामा म्हणाले. "उसाचा फड कुणी एकदम तोडतंय व्हय? सरी धरायची, मोळ्या बांधायच्या, गाडी भरली की कारखान्याला. दुसरी पद्धत लिव."

वर अट घातली, एका कंप्युटरला एक कोयता. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं बघायचं. दुसरा कंप्युटर पोत्यात बांधून कपाटात गेला. रोज सकाळी आम्हाला उभं करून मामा विचारायचे, "काल किती मोळ्या झाल्या? आज कंची सरी? पाचट कुटं अडकलंय?" पाचट म्हणजे उसाचा वाळला पाला, मामांच्या भाषेत अडचण. बसू द्यायचे नाहीत, बसलं की माणूस पसरतो म्हणे. मी वैतागून पुण्याच्या मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, आमच्या कंपनीत हेच तीन प्रश्न विचारायला खास माणूस ठेवलाय. हे मी मामांना सांगितलं नाही. ते आधीच लई ताठ चालत.

पहिल्या वाटपाच्या आदल्या दिवशी सुनीता गावी गेली आणि यादी मी एकट्यानं उरकली. मामांचं ऐकून ऐकून माझ्याही डोक्यात कोयता बसला होता. घर म्हणजे नवरा-बायको, दोन नावं. एकच नाव असलेली घरं चुकीची नोंद समजून मी गाळून टाकली.

सकाळी रांगेत अकरा जणांची नावं लागेनात. दहा विधवा बाया, आणि अकरावे मामा, हातात म्हशीचं दावं धरून.

"मामा, तुमचं नाव येत नाहीये," मी कसंबसं म्हणालो, आणि गाळलेल्या नावांची भानगड सांगितली.

आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली. पण मामा हळूच म्हणाले, "बराबर हाय कंप्युटरचं. मी अर्धाच हाय. पारू जाऊन तीन सालं झाली. मी तोडायचो, ती बांधायची. तिनं बांधलेली मोळी कदी सुटली न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांना अर्धं म्हणून हसवणारा हा माणूस रोज स्वतःलाही मोजत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी यादी पुन्हा उघडली. मामांनी म्हैस खिडकीच्या गजाला बांधली, बायांना सावलीत बसवलं आणि सुनीताची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. कंप्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. तरी त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"एकेक नाव मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "तू तोड. मी बांधतो."