श्रीहस्तचं पेटंट

डोंबिवलीत आजवर कुणी काय काय शोधून काढलं असेल ते मला माहीत नाही, पण कपडे वाळत घालायची सगळ्यात हुशार काठी मी शोधली! हे मी छाती पुढे काढून सांगतोय, आणि पुढचं सगळं ऐकल्यावरही ती मागे घेणार नाही.

काठी म्हणजे घराघरांत असते तीच, छताजवळच्या दोरीवर कपडे टाकायची. माझ्या काठीला मात्र वर पंजा आहे आणि खाली सायकलचा ब्रेक. ब्रेक दाबला की पंजा मिटतो, सोडला की उघडतो. वरचा मोजा काढा, खालच्या छज्ज्यावर पडलेला रुमाल उचला, कंबर वाकवायची गरजच नाही!

"हिचं नाव श्रीहस्त!" मी बायकोला, हेमांगीला सांगितलं.

"तुम्ही श्रीपाद, ही श्रीहस्त. हातपाय झाले, आता डोक्याचं तेवढं बघा," ती म्हणाली.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि काठी जुन्या चादरीत गुंडाळून घोडबंदर रोडला पुतणीकडे निघालो. समृद्धी वकील आहे, आणि पेटंटच्याच विषयातली! काठी गाडीत मावेना, म्हणून टोक खिडकीबाहेर काढलेलं. ट्रॅफिकमध्ये शेजारची रिक्षा इतकी चिकटली की आतला माणूस बराच वेळ आमच्या काठीला धरून बसलेला!

समृद्धीनं ब्रेक दाबून पाहिला. "काका, भारी आहे हो!"

मी जागच्या जागी दोन इंच वाढलो.

"आता नीट ऐका. ही चालते कशी, ती युक्ती म्हणजे पेटंटचा विषय. दिसते कशी, ते डिझाइन. श्रीहस्त हे नाव म्हणजे ट्रेडमार्क. आणि माहितीपत्रक लिहिलंत तर त्या मजकुराचा कॉपीराइट, तो लिहिल्याक्षणीच तुमचा."

"चारही दे!" मिठाईच्या दुकानात सांगावं तसं मी सांगितलं.

"घेऊ ना. पण पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं. अर्ज जाईपर्यंत ही कुणालाही दाखवायची नाही. जगाला कळली की तिचं नवेपण संपलं! तुम्ही फक्त चित्र आणि साधं वर्णन पाठवा, मी तात्पुरता अर्ज लगेच टाकते."

साधं वर्णन? एवढ्या मोठ्या शोधाचं? मी आधी प्रस्तावना लिहायला घेतली. मग अर्पणपत्रिका.

"अहो, काठी आहे ती, कादंबरी नाही! पाठवून टाका!" हेमांगी रोज ओरडायची. मी रोज एक विशेषण वाढवायचो.

आणि गुप्तता? कडक! गॅलरीला पडदे लावले. सराव करायचा तो दुपारी, बिल्डिंग झोपलेली असताना. काठी जिन्यातून नेताना चादरीत.

एकदा समोरच्या सुमतीकाकूंनी गाठलंच. "काय हो, एवढं लांब काय नेताय?"

"काही नाही."

"काही नाही, आणि ते एवढं लांब?"

नेमकी त्याच आठवड्यात काकूंची जांभळ्या काठाची नारायणपेठ साडी दोरीवरून गायब झाली! त्यात त्यांनी आमच्या पडद्याआडून एक पंजा बाहेर येताना, उघडताना आणि मिटताना पाहिलेला. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं, श्रीपादराव काठीनं कपडे चोरतात! सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तिचं बारसंही केलं: चोरकाठी! मी गॅलरीत आलो की आजूबाजूच्या दोऱ्या रिकाम्या व्हायला लागल्या. ओले कपडेसुद्धा आत!

सेक्रेटरी साकेतनं पार्किंगमध्ये तातडीची सभा लावली आणि मला काठीसकट बोलावलं.

"काका, चादरीत काय आहे?"

"सांगू शकत नाही. कायद्याचा मामला आहे."

"म्हणजे पोलीसही आहेत यात?" काकू किंचाळल्या.

मी समृद्धीला फोन लावला. उचलेना! मग मीच डोकं चालवलं. "हे बघा, आधी सगळ्यांनी शपथ घ्या की इथलं काही बाहेर बोलणार नाही. मग दाखवतो."

"घ्या! आता आपल्याला पण सामील करून घेतायत!" मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात हेमांगी उभी राहिली. "माझा नवरा चोर नाही! वेडा असेल, पण चोर नाही! अहो, पेटंट गेलं खड्ड्यात. दाखवा यांना!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या वर्षांत ती माझ्यासाठी अशी चारचौघांत भांडलेली मी पाहिली नव्हती. मी मान वर केली, आणि बिल्डिंगखालच्या दुकानांवरच्या छज्ज्यावर, पाइपामागे, मला जांभळा काठ दिसला.

मग मी थांबलोच नाही. पुतळ्याचं अनावरण करावं तशी चादर ओढली! धावत वर जाऊन जिन्याच्या खिडकीतून वाकलो, काठी खाली सोडली, ब्रेक दाबला आणि काकूंची नारायणपेठ झेंड्यासारखी वर आणली. काय टाळ्या पडल्या!

"लेकीनं पहिल्या पगाराची घेतलेली हो," काकूंनी साडी छातीशी धरली. "चुकलं माझं, श्रीपादराव."

मला स्फुरण चढलं. मी भाषण केलं. प्रत्येकाच्या हातात काठी दिली. स्प्रिंग कुठली, तार कशी बांधली, पंजाला काय वापरलं, सगळं फोड करून सांगितलं. साकेतनं शूटिंग केलं, आणि जेवणं होईपर्यंत ते कल्याण ओलांडून खडवलीच्या माझ्या साडूपर्यंत पोचलेलं!

समृद्धीचा फोन आला. "काका, व्हिडिओ पाहिला."

"कसा वाटलो?"

"स्प्रिंगसुद्धा सांगितलीत?"

"लोकांनी विचारलं गं!"

"पेटंट गेलं. डिझाइनही गेलं."

"अगं पण प्रदर्शनात दाखवलं तर सवलत असते असं मी वाचलेलं!"

"सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनात, काका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही."

"आणि नाव?"

"नाव अजून मिळू शकेल. ट्रेडमार्कचा अर्ज करू. पण लोक ती कुठल्या नावानं मागतायत?"

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. तळमजल्यावरचे गृहस्थ होते. "श्रीपादराव, एक चोरकाठी आम्हालाही बनवून द्या ना!"

त्याच नावाचा अर्ज गेला. चोरकाठी!

आज आमच्या बिल्डिंगच्या प्रत्येक गॅलरीत ती उभी आहे, आणि खालून जाताना माझी मान आपोआप ताठ होते. तो व्हिडिओ मला माझ्या स्टेटसला ठेवायचा होता. पण व्हिडिओचा कॉपीराइट तो काढणाऱ्याचा! मग इस्त्रीचा शर्ट घालून साकेतकडे रीतसर परवानगी मागायला गेलो.

"ठेवा की काका!" तो म्हणाला. "फक्त खाली माझं नाव टाका हं."

टाकलं. माझं टाकायला जागा उरली नाही.