तीन नंबरच्याचं दुखणं

दिशा सुटीला डहाणूला आली होती. मुंबईच्या संशोधन संस्थेत ती नेमकं काय करते, हे सुधाताईंना कधी नीट कळलं नव्हतं. कॅन्सरवर काहीतरी, एवढंच. त्या ओटीवर मटार सोलत बसल्या होत्या. आतून लेकीचा फोनवरचा आवाज आला.

"तीन नंबरच्याचं काही खरं नाही. स्वादुपिंडात गाठ आहे. जनुकातच बिघाड, जन्मापासूनचा. भावंडांनाही होणार ते, आज ना उद्या."

सुधाताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. दिशाचं लग्न वाणगावच्या पीयूषशी ठरलं होतं, आणि पीयूष चार भावांतला तिसरा.

फोन ठेवून दिशा बाहेर आली, मूठभर कच्चे मटार तोंडात टाकून आंघोळीला गेली. पोरीनं दुःख गिळलंय, असं सुधाताईंनी धरलं. तिला विचारायचा धीर झाला नाही. लग्न आपणच मोडायचं, वाईटपणाही आपणच घ्यायचा, असं ठरवून त्या रिक्षानं थेट वाणगावला पोचल्या.

पीयूष वाडीत ढोबळी मिरचीचे क्रेट टेम्पोत चढवत होता.

"काकी, अशा अचानक? बसा, शहाळं काढतो," म्हणत तो सरसर माडावर चढलासुद्धा.

"उतर रे बाळा," सुधाताई खालून म्हणाल्या. "सावकाश उतर."

शहाळं पिऊन संपलं, तरी मोडण्याचं काही तोंडातून निघेना. त्यानं पुन्हा क्रेट उचलला, तसा त्यांनी तो काढूनच घेतला.

"तू पडून राहा जरा."

"मला काय झालंय?"

सुधाताईंना रडू फुटलं. पीयूषची आई, अंबूबाई, घरातून धावत आल्या. हुंदक्यांमधून 'स्वादुपिंड', 'गाठ' आणि 'चौघंही' एवढंच बाहेर पडलं. अंबूबाईंनी पीयूषच्या कपाळाला हात लावून पाहिला. पीयूषनं पोट चाचपलं.

"डावीकडे सकाळपासून दुखतंय खरं," असं म्हणून तो खाटेवर आडवा झाला.

अंबूबाईंनी दिशाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं.

"अहो, तीन नंबरचा उंदीर आहे," दिशा म्हणाली.

"असं बोलू नये गं," अंबूबाई म्हणाल्या. "कसाही असला तरी तुझा होणारा नवरा आहे."

मग दिशानं एकेक करून समजावलं. प्रयोगशाळेत उंदरांच्या जनुकांत मुद्दाम बदल करतात, कुठल्या बिघाडानं स्वादुपिंडात गाठ धरते ते पाहायला. माणसांत ती फार उशिरा कळते. लवकर कळावी म्हणून हा खटाटोप. तीन नंबर हा पिंजऱ्याचा.

"म्हणजे पीयूषला काही नाही?"

"काही नाही."

अंबूबाईंनी फोन ठेवला आणि सुधाताईंकडे पाहिलं. "खरं सांगा, विहीणबाई. मोडायला आला होतात ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तो माडावर चढला," सुधाताई म्हणाल्या. "तो खाली येईपर्यंत मला दुसरं काही सुचेना."

अंबूबाई पदरानं डोळे पुसता पुसता हसू लागल्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. पीयूष खाटेवरून हलला नाही.

"थोडं दुखतंय अजून," तो डोळे मिटून म्हणाला.

दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं, पदर खोचले आणि उरलेले क्रेट टेम्पोत चढवायला घेतले.