भोक न पाडता

कुंदनरावांच्या टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लास्टिकची पिशवी आहे. बटणांवरची अक्षरं आता कुणालाच दिसत नाहीत, पण ओरखडा नाही.

उन्हात बसलं की छायाताईंची अर्धशिशी उठते.

सुरगाण्याच्या सकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळते.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडवर पाटी आहे: ‘गाडीची बाहेरील सर्व फिटिंग प्रोफेशनल पद्धतीने करून मिळेल. प्रो. प्रा. झुंबर.’

पाथर्डी फाट्याजवळच्या एका रो-हाउससमोर निळा टॉवेल वाळत असतो.

या सगळ्यांची गाठ घातली ती एका पांढऱ्या कॅम्पर व्हॅनने. कुंदनराव सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. तयार मालावरचे ओरखडे शोधायचे आणि माल परत पाठवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी ही गाडी घेतली. आत पलंग, शेगडी, हात धुवायला बेसिन. गादीवरचं प्लास्टिक त्यांनी काढू दिलं नव्हतं. त्यामुळे पलंगावर कूस बदलली की कुणीतरी शेजारी बसून चिवडा खातंय असं वाटायचं.

येत्या शनिवारी गाडी पहिल्यांदा लांब जाणार होती. सुरगाण्याला छायाताईंची थोरली बहीण मालनबाई, तिच्या नातीचं बारसं. वाटेत डोंगरात थांबायचं, खुर्च्या टाकायच्या, चहा करायचा, असा कुंदनरावांचा बेत. छायाताईंची एकच अट होती.

“सावली पाहिजे. फाल्गुनाच्या उन्हात बसून मी डोकं धरून बारशाला जाणार नाही. सावलीची सोय झाली तर तुमच्याबरोबर, नाहीतर मी एसटीने. तुम्ही या एकटेच चहा पीत.”

कुंदनरावांना हा अपमान वाटला. एवढी गाडी दाराशी उभी असताना बायको पिशवी घेऊन एसटीला जाणार. तेही शेजारच्या वत्सलाबाईंच्या डोळ्यांदेखत, ज्या आपल्या मेथीच्या वाफ्याला पाणी घालायला बाहेर येत आणि कॉलनीतलं सगळं बघून आत जात.

म्हणून बुधवारी दोघं झुंबरच्या शेडमध्ये गेले. झुंबरने ऑनिंग दाखवलं. गाडीच्या बाजूला वर एक लांब नळी बसवायची, हँडल फिरवलं की तिच्यातून कापडी छत बाहेर येतं. छायाताईंना ते पसंत पडलं. झुंबरने माप घेतलं, पेन्सिलीने खुणा केल्या (पेन्सिलीवरून एक वाद झाला) आणि ड्रिल मशीन उचललं.

कुंदनराव ड्रिल आणि गाडी यांच्या मध्ये उभे राहिले.

“हे काय?”

“भोकं पाडतो. चार वर, चार खाली.”

“माझ्या गाडीला भोक पाडायचं नाही.”

झुंबरने मशीन खाली ठेवलं. भोकाशिवाय फिटिंग होत नाही, भोकाला रबर येतं, वर सीलंट येतं, पाणी आत जात नाही, हे त्याने सांगून पाहिलं. कुंदनराव हलले नाहीत.

“साहेब, लेकराचे कान टोचता का नाय?”

“लेकराला गंज चढत नाही.”

मग कुंदनरावांनी त्याचा दंड धरून त्याला गाडीच्या पलीकडे नेलं. तिथे छताच्या कडेखाली स्टीलचा एक जाड हूक होता. दुपदरी नायलॉनची दोरी एका टोकाला घराच्या ग्रीलला आणि दुसऱ्या टोकाला या हुकाला अडकवली की त्यांचा तो निळा टॉवेल वाळायचा.

“हा बघा. कंपनीने बसवलाय. याला म्हणतात प्रोफेशनल. दाखवा कुठे भोक दिसतंय.”

झुंबरने मान वाकडी करून हूक बघितला, हलवून बघितला, हुकाच्या मुळाशी नखाने खरवडून बघितलं. छायाताई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

“कंपनीची गोष्ट येगळी राहती,” झुंबर शेवटी म्हणाला. “गमानं चिकटवून देतो. पुढची काच चिकटवतात तो गम. पण पाटीवरचं प्रोफेशनल ह्या कामाला लागू नाय, आधीच सांगतो.”

गम वाळेपर्यंत गाडी हलवायची नव्हती. पण शेडमध्ये लोखंडाचा कीस उडत होता, आणि पांढऱ्या रंगावर तो कीस बसलेला बघण्यापेक्षा कुंदनरावांनी गाडी घरी नेणं पसंत केलं. इतकी हळू नेली की मागून येणाऱ्या द्राक्षांच्या टेम्पोवाल्याने त्यांच्या घराण्याची चौकशी केली. गतिरोधकांनी करायचं ते केलं. घरी पोचेस्तोवर नळीचं एक टोक घसरून सरकत्या दारावर आलं होतं. दार उघडेना.

या देशात सरळ गतिरोधक बांधता येत नाहीत, असं कुंदनराव बराच वेळ बोलत राहिले. मग नळी वर ढकलली आणि ती तिथेच राहावी म्हणून नायलॉनच्या दोरीचे वेढे छतावरून, खिडक्यांतून, आतून बाहेरून घेतले. काम पक्कं व्हावं म्हणून गाठी आत बसून मारल्या. मारून झाल्यावर लक्षात आलं की पुढची दोन्ही दारंही बांधली गेली आहेत.

“अहो, मागच्या दाराने या,” छायाताई काचेबाहेरून म्हणाल्या.

बेसिन ओलांडून, चिवड्याचा आवाज करत, ते मागून उतरले. वत्सलाबाई पाण्याचा पाइप हातात धरून उभ्या होत्या. पाणी मेथीऐवजी रस्त्यावर चाललं होतं.

“गाडीला काय लागलंय का ओ भाऊ? पट्टी बांधलीय म्हणून इचारलं.”

कुंदनराव आत गेले.

शुक्रवारपर्यंत गम दगडासारखा झाला. दोरी सोडली. कुंदनरावांनी दोन खुर्च्या मांडल्या, वत्सलाबाई बघत आहेत याची खात्री केली आणि हँडल फिरवलं. छत अगदी हळू, थाटात बाहेर आलं. छायाताई खाली बसल्या. बाहीने चेहरा पुसला.

“बरं वाटतंय,” त्या म्हणाल्या.

एसटीचं नाव त्यांनी घेतलं नाही. कुंदनरावांना तेवढंच हवं होतं.

मग वारा आला. मोठा नव्हता. पांडवलेण्याच्या बाजूने दुपारी येतो तसाच. छत फुगलं, कागद टरकावल्यासारखा आवाज झाला, आणि नळीसकट सगळं उडून वत्सलाबाईंच्या मेथीत जाऊन पडलं.

गम सुटला नव्हता. गमाने आपलं काम चोख केलं होतं. सुटला होता रंग. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातभर रुंदीचा पट्टा नळीला चिकटून निघाला होता आणि खालचा पत्रा उन्हात चमकत होता.

झुंबरला फोन गेला. इतका कडक गम वापरायला कुणी सांगितलं होतं, असं कुंदनरावांनी विचारलं.

“साहेब, गम पडला का? नाय. रंग पडला. रंग काय माझा हाय?”

मग आता भोकं पाडून तरी बसव, उद्या निघायचंय, असं कुंदनराव म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण झुंबरने नकार दिला. उघड्या पत्र्यावर आपण फिटिंग करत नाही, आधी रंग लागेल, रंगारी सोमवारनंतर येईल. आणि हे सगळं प्रोफेशनल पद्धतीने.

त्या संध्याकाळी कुंदनरावांनी गम बनवणाऱ्यांना, रंग लावणाऱ्यांना, वाऱ्याला आणि झुंबरला नावं ठेवली. एकालाच सोडलं. जेवले नाहीत.

शनिवारी सकाळी छायाताई पिशवी भरून बाहेर आल्या. कुंदनराव गाडीच्या पायरीवर बसले होते. कुणाला नावं ठेवत नव्हते, आणि हे छायाताईंना फार विचित्र वाटलं. एसटीला अजून अवकाश होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली, आत गेल्या आणि डबल बेडची जुनी चादर घेऊन आल्या.

“हिचं एक टोक हुकाला बांधायचं, एक मागच्या दाराला. उरलेली दोन वाटेतल्या झाडाला. चला, उशीर होतोय.”

“आणि हा पट्टा?”

“त्या बाजूला मी बसत नाही.”

डोंगरात सागाला एक पान नव्हतं, पण खोडं होती. चादर बांधली, खुर्च्या टाकल्या, चहा उकळला. वाऱ्याने चादर पुन्हापुन्हा फुगली. हूक तसूभरही हलला नाही. कुंदनराव कपबशी घेऊन त्याच्याकडे बघत राहिले आणि सकाळपासून हरवलेला त्यांचा आवाज परत आला.

“बघितलंस? कंपनीचं काम. भोक नाही, काही नाही. त्या झुंबरला इथे आणून दाखवला पाहिजे.”

“चहा निवतोय,” छायाताई म्हणाल्या.

गाडी नवीन घेऊन पहिल्यांदा घरी आणली होती त्या दुपारी कुंदनराव पेढे वाटायला गेले होते, आणि पाण्याचा फिल्टर बसवायला आलेल्या राजू प्लंबरने छायाताईंच्या सांगण्यावरून ड्रिलने चार भोकं पाडून तो हूक बसवला होता.