उंट्याच्या जागी

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण उंट्याला फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून.

उंट्या म्हणजे माझा दोस्त, समोरच्या दारातला. नोकरीसाठी परदेशी गेला तो तिकडचाच झाला. वडिलांनी घर त्याच्या नावावर केलेलं. ते विकायचं आणि काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, मावशीकडे ठेवायचं असं त्यानं ठरवलं. यायला रजा नाही, म्हणून माझ्या नावे मुखत्यारपत्र पाठवलं. मी फुगलो. घरी सांगून टाकलं, आता मी अर्धा वकील.

गिऱ्हाइकाच्या वकीलबाईंनी काकूंसमोरच हवा काढली. म्हणाल्या, "वकील माणसाच्या वतीनं बोलतो. मुखत्यार त्याच्या जागी उभा राहतो. कागदापुरता हा तुमचा मुलगाच."

काकूंनी एवढंच उचललं.

संध्याकाळी हाक आली, बल्ब उडालाय. उंट्या नुसता हात वर करून बदलायचा, मला स्टुलावर पाट ठेवावा लागला. मग डोळ्यांचा डॉक्टर. मग गळका नळ. मग इतके दिवस फोन का नाही केलास म्हणून बोलणी. मी म्हटलं, काकू, मी समोरच राहतो की.

"तू राहतोस रे. तो कुठं राहतो?"

तेव्हापासून मी समोरच्या दारातून रोज त्यांना फोन करायला लागलो. माझी आई म्हणाली, अंथरूण पण तिकडेच ने.

सहीचा दिवस आला. काकूंच्याच बाहेरच्या खोलीत गिऱ्हाईक, वकीलबाई आणि पेन धरून मी. काकू शांतपणे म्हणाल्या, "कर सही. फक्त माझ्याकडे बघून कर. तो आला असता तर त्याला बघावंच लागलं असतं."

मी बघितलं. झालं. सही न करताच पेन खाली ठेवलं.

वकीलबाई वैतागल्या. म्हणाल्या, असं मनानं वागता येत नाही, मालकाला विचारा. तिथूनच उंट्याला फोन लावला, स्पीकरवर. शिव्या खायच्या तयारीनं बसलो होतो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या खोलीची खिडकी अजून करकरते का रे?"

"करकरते. काकू तेल घालू देत नाहीत."

"मग राहू दे."

खिडकी राहू दे की घर, कुणी विचारलं नाही. गिऱ्हाईक चप्पल घालायला उठलं.

मी निघालो तेव्हा काकूंनी माझ्या डोक्यावरून फिरवायला हात वर केला. मी मान बाजूला घेतली. म्हटलं, काकू, हे कागदात नाही. त्या हसल्या, आणि तो हात पदराला पुसून आत गेल्या.

तर उंट्या, शब्द देतो. बल्ब मी बदलीन, तुझ्या वाट्याची बोलणी खाईन, वेळ आली तर स्टुलावरून पडेन. तो हात मात्र तुझ्या जागी घेणार नाही. तू रजा टाक. तोवर मी मान बाजूलाच ठेवतो.