अंदाजेसाहेबांची रजा

हवामान कार्यालयातल्या अंदाजेसाहेबांनी शनिवारच्या रजेचा अर्ज भरला आणि 'कारण' या रकान्यात खरं कारण लिहून टाकलं : 'सपत्नीक समोरच्या बेटावर ऊन खाण्यासाठी.' एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून झालेल्या चुकांमध्ये हिचा नंबर बराच वरचा.

अंदाजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. रोजचा हवामानाचा अंदाज तेच लिहायचे आणि तो इतक्या नेमाने चुकायचा, की गावाने त्यांना नावं ठेवता ठेवता हे एक कायमचंच ठेवून दिलं. त्यांना वाईट वाटायचं, पण रागावणार कोणावर? त्यांचा स्वतःचाही त्या अंदाजावर विश्वास नव्हता. कार्यालयात 'पाऊस' लिहिला की घरी येऊन ते खुशाल गाद्या गच्चीत टाकत. या उलट्या हिशोबाने त्यांना आजवर दगा दिला नव्हता.

बायकोचं मागणं फार मोठं नव्हतं. "बेट खिडकीतून दिसतं, बोटीने अर्ध्या तासावर. लग्नाला बावीस वर्षं झाली," ती म्हणाली होती. "मला एक दिवस वाळूत पाय पसरून उन्हात बसायचंय. जमत नसेल तर तसं सांगा, मी बहिणीला घेऊन जाते."

"शनिवारी जायचं!" साहेब छाती पुढे काढून म्हणाले. "कडकडीत ऊन पडणार. माझा शब्द!"

त्याच सकाळी त्यांनी शनिवारसाठी 'दुपारी जोरदार पाऊस' लिहिला होता, त्यामुळे त्यांना खात्रीच होती. बोटीची दोन तिकिटंही काढून झाली होती.

अर्ज वरिष्ठांच्या टेबलावर गेला. वरिष्ठांनी एकदा अर्ज वाचला, एकदा भिंतीवरचा अंदाज वाचला.

"अहो, शनिवारी तर तुम्ही पाऊस लिहिलाय."

"हो साहेब."

"आणि स्वतः ऊन खायला चाललाय?"

"म्हणजे... ते लिहायचं असतं म्हणून..." अंदाजेसाहेब चाचरले.

वरिष्ठ खुर्चीत मागे रेलले. आतल्या गोटातली बातमी मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. सही करता करता त्यांनी घरी फोन लावला, "अगं, शनिवारी सगळे बेटावर चाललोय. आतली खबर आहे."

आतली खबर संध्याकाळपर्यंत बाहेर आली. गुरुवारी दाढी करायला गेलेल्या साहेबांना न्हाव्याने अर्ध्या फेसात विचारलं, "मग, कितीची बोट?"

"अहो, पाऊस पडणारे शनिवारी! मी स्वतः लिहिलंय."

"लिहिणारच!" न्हावी डोळा मारत म्हणाला. "गर्दी नको म्हणून ना? आम्ही बोलत नाही कोणाला." मागच्या बाकावरचे तिघे केस न कापताच तिकिटाच्या रांगेकडे पळाले. शुक्रवारी बोटवाल्याला दोन जादा फेऱ्या लावाव्या लागल्या.

शनिवारी बेट कुठे आहे ते शोधावं लागत होतं, इतकी त्यावर माणसं होती. न्हावी सहकुटुंब, वरिष्ठ सासूबाईंसकट, शेजारचे सगळे मजले. बायकोला वाळूत टॉवेलभर जागा मिळाली, तीही गुडघे पोटाशी घेऊन.

"पाय पसरायचे होते हो मला," ती म्हणाली.

"ऊन तर आहे ना!" साहेब म्हणाले. ऊन खरंच होतं. अडीच वाजेपर्यंत होतं.

मग समुद्रावरून एक काळा ढग आला आणि थेट डोक्यावर येऊन फुटला. आख्खं गाव किंचाळत तिकीटघराच्या पत्र्याखाली धावलं. साहेबांना बायकोकडे बघायचा धीर होईना. एकोणीस वर्षांत अंदाज एकदाच खरा ठरला, तोही नेमका आज!

"अहो, बघत काय बसलात? हे टोक धरा."

तिने पिशवीतून ताडपत्री काढली होती.

"ही कशाला आणलीस?"

"तुम्हीच लिहिलं होतंत ना, दुपारी जोरदार पाऊस. रोज वाचते मी."

"पण घरी तर मी ऊन म्हणालो होतो!"

"घरी तुम्ही पाचला येतो म्हणता आणि आठला येता. लिहिताना मात्र चार-चारदा आकडे तपासता."

"अगं, पण माझे अंदाज चुकतात."

"चुकतात की. म्हणून काय वाचायचे नाहीत?"

साहेबांना एकदम भरून आलं. ज्या कागदावर त्यांनी स्वतः कधी भरवसा ठेवला नाही, त्याच्या भरवशावर ही बाई आज पिशवी भरून निघाली होती. रिकाम्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली तिने आता ऐसपैस पाय पसरले. "जागा तरी झाली," ती म्हणाली. "ऊन पुढच्या वेळी बघू."

इतक्यात चिंब भिजलेले वरिष्ठ वाकून आत शिरले. "काय हो, सांगायचं तरी होतंत!"

"भिंतीवर लावलं होतं, साहेब."

वरिष्ठ ओशाळले. आजवर कोणी विचारलं नव्हतं अशा अदबीने त्यांनी विचारलं, "बरं, उद्या काय म्हणता?"

अंदाजेसाहेब ताठ बसले. आकाशाकडे बघून ठासून म्हणाले, "उद्या लख्ख ऊन."

"लिहून आलात का तसं?" बायकोने विचारलं.

"छे, आत्ताच सुचलं."

"मग साहेब," ती वरिष्ठांना म्हणाली, "त्यावर जाऊ नका."