शेऱ्याचा रकाना

हिंगणघाटच्या समाज मंडळात भैय्याजी बारा वर्षं लग्नाच्या स्थळांची नोंद ठेवत होते, आणि प्रत्येक स्थळापुढे एक खासगी शेरा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. २००६ साली मंडळाने कॉम्प्युटर घेतला, तेव्हा सगळी वही शेऱ्यांसकट त्यांनी एका बोटाने त्यात चढवली.

वधू-वर मेळाव्यासाठी पुतण्या प्रफुलने एक प्लगइन बसवलं. ते प्रत्येक फोटोखाली त्या स्थळाची माहिती मोठ्या पडद्यावर दाखवणार होतं. त्यात यादी होती: नाव, शिक्षण, नोकरी, उंची, शेरा. प्रत्येकापुढे एक चौकट.

"काका, मी करून देऊ का?"

"काऊन? मले टिक मारता येत नाई?"

भैय्याजींनी शेरा सोडून सगळीकडे टिका मारल्या. चौकटींच्या वर 'लपवा' असं लिहिलं होतं, पण फॉर्मवरच्या सूचना वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. शिवाय त्यांचा जीव दुसरीकडेच अडकला होता. त्यांची मुलगी प्रेरणा अठ्ठाविशीला आली होती, आणि सावंगीच्या दवाखान्यात नोकरीला असलेला अंकुश आज आईला, देवकाबाईंना, घेऊन येणार होता. हे स्थळ हातचं गेलं तर घरात तोंड दाखवायची सोय नव्हती.

मेळावा सुरू झाला. पहिला फोटो आला. नाव नाही, गाव नाही. खाली ठळक अक्षरांत एवढंच: 'पोरगा बरा. बाप पाहुण्याले चहा विचारत नाई.'

मग मागून कोणीतरी म्हणालं, "हे खरं हाय बरं का!"

दुसरा फोटो: 'एम.ए. झालो म्हणते. कागद पाह्यला नाई.' तिसरा: 'फोटो दहा वर्षांआधीचा.'

"बंद कर रे!" भैय्याजी ओरडले. प्रफुल धावला, तर लोकांनीच त्याला धरून ठेवलं. ज्यांचे फोटो होऊन गेले होते ते भैय्याजींवर दात खात होते, पण उठून कोणीच जाईना. शेजाऱ्याचा यायचा होता ना!

मग प्रेरणाचा फोटो आला. 'सर्वगुणसंपन्न. स्वभाव शांत. असं स्थळ शोधून मिळणार नाई.'

देवकाबाई उठून उभ्या राहिल्या.

"भैय्याजी, साऱ्या समाजाचं खरं लिवलं, मंग या एकाच पोरीचं खोटं काऊन? काय लपवून राह्यले तुमी?"

"काईच नाई हो. माही पोरगी हाय ते!"

"तेच त म्हणतो मी. खरं सांगा, नाईतर आमी निघालो."

बारा वर्षांत पहिल्यांदाच भैय्याजींना शेरा सुचेना.

प्रेरणा तरातरा पुढे आली. बापाचं लिखाण खोडून तिने सगळ्यांसमोर नवं टाइप केलं: 'राग नाकावर. भाजी कधी खारट, कधी अळणी. बाबांचं ऐकत नाई, म्हणून घर नीट चालते.'

देवकाबाईंनी ते दोनदा वाचलं.

"हां. आता भरोसा बसला." त्या मुलाकडे वळल्या. "अंकुश, तुले काय वाटते? मोकळेपणानं सांग."

अंकुशने तोंड उघडलं.

"त्याले पसंत हाय," देवकाबाई म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. पुढचा फोटो अंकुशचाच होता. भैय्याजींनी स्वतः धावत जाऊन कॉम्प्युटरची वायर उपसली.