पुट, लुक आणि त्यांची सासरं

ज्या राज्यावर सूर्य मावळत नसे, त्या राज्याच्या भाषेचं रहस्य अखेर वर्ध्याजवळच्या सिंदी मेघ्यात उलगडलं. इंग्लंडला ही बातमी अजून पोचलेली नाही. तशी ती सिंदी मेघ्यातही आमच्या गल्लीपलीकडे कधी गेली नाही.

रहस्य उलगडणारे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी भोयर सर. हायस्कुलात इंग्रजी शिकवत. वर्ध्याच्या मे महिन्यात काळा कोट घालायला वकिलांनाही कोर्टाची सक्ती लागते. सर तो स्वखुशीने घालत. त्यांचा सिद्धान्त असा होता, की इंग्रजी क्रियापद म्हणजे लग्नाची मुलगी, आणि तिच्यामागे येणारा अप, ऑफ, डाऊन असा बारका शब्द म्हणजे तिचं सासर. मुलगी कशी आहे यावर काही ठरत नाही. कुठे दिली यावर ठरतं.

"आता हे लुक," सर सांगत. "साधी पोरगी. नुसती पाह्यते. आफ्टरच्या घरी देल्ली, म्हाताऱ्याकोताऱ्यायची सेवा करून राह्यली. फॉरच्या घरी देल्ली, जल्मभर हरपलेलं धुंडून राह्यली. अन् डाऊन-ऑनच्या घरी देल्ली, त आता मायबापाले वळखत नाई."

"आणि पुट?" मी विचारलं.

"तिचं नको इचारू. अप-विथच्या घरी पडली. सासू अन् नणंद, दोघी हायेत तिथं. सोसून राह्यली बिचारी."

या स्थळांची त्यांनी एक लांबट वही केली होती. मुलगी : पुट. सासर : ऑफ. स्वभाव : आजचं काम उद्यावर ढकलणे. अशी पानंच्या पानं. एकट्या 'गेट'ची सासरं मोजता मोजता शाईची बाटली संपली होती. आत भाकरी थापता थापता काकू म्हणत, "एवढी स्थळं पोरीच्या टायमाले पाह्यली असती, त बरं झालं असतं." सर न ऐकल्यासारखं करून पान उलटत. प्रत्येक घरात एकेक ठरलेला टोमणा असतो, तसा हा असेल असं मी समजत होतो.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि नोकरी कच्ची होती. पक्की व्हायला खात्याची परीक्षा पास व्हावी लागे, आणि तिच्यातल्या इंग्रजीच्या पेपरात मी दोनदा नापास झालो होतो. तिसरी संधी शेवटची. ती गेली की नोकरी गेली, आणि त्या नोकरीवर गावी आई आणि दोन बहिणी अवलंबून होत्या. सरांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रोज संध्याकाळी येत जाजो." मी फीचं विचारलं. "अगुदर पास त हो बे," ते म्हणाले.

पेपर मंगळवारी होता. शनिवारी सर म्हणाले, "उद्या मले आष्टीले जानं हाये, शालूकडे. तूही चाल. अभ्यास यस्टीत."

शालू ही त्यांची एकुलती एक मुलगी. दोन दिवाळ्या झाल्या होत्या, सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं नव्हतं.

आर्वीपर्यंत सरांनी 'टर्न'चं अख्खं खानदान मला समजावलं. टर्न डाऊनच्या घरी गेली की आलेल्या प्रत्येकाला नाही म्हणते. अपच्या घरी गेली की न बोलावता उगवते. पुढच्या बाकावरचे एक शेतकरी बराच वेळ ऐकत होते. शेवटी वळून म्हणाले, "गुर्जी, हे टर्न कोन्त्या गावची?"

"विलायतेची," सर म्हणाले.

"मंग लय दूर देल्ली."

आष्टीत व्याह्यांच्या दाराशी सरांनी कोट काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. आत ते खाटेच्या कडेवर बसले. इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही. शालूने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि मान खाली घालून आत गेली. ही तीच शालू, जिचं बोलणं भिंतीपलीकडून आमच्या घरात ऐकू येई आणि रेडिओ मोठा करावा लागे.

"पाहू," तिची सासू म्हणाली. "कापूस निंघू द्या."

"निंघू द्या, निंघू द्या," सर हात जोडून म्हणाले. "तुमचीच पोरगी हाये. सांभाळून घ्याजो."

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मी वही मांडीवर उघडून बसलो होतो. आर्वी सुटल्यावर म्हणाले, "घरी हे पोरगी मले बोलू देत नव्हती."

आज सुट्टी, असं मी धरून चाललो. घरी येऊन हातपाय धुऊन ताटावर बसतो तोच सर दारात. अंगात कोट. "काऊन गा विनायक, परवा पेपर अन् तू जेवाले बसून राह्यला?" मग दोन तास त्यांनी वही वाचून घेतली. 'अप-विथ'चं पान तेवढं त्यांनी न वाचता उलटलं.

निकाल लागला तेव्हा कापूस निघाला होता आणि शालू माहेरी आली होती. मी पेढे घेऊन गेलो. ती बोलत होती, काकू मधूनमधून हसत होत्या, आणि सर तोंड न उघडता ऐकत बसले होते. पेढा हातात तसाच होता. मी पाया पडलो, तर त्यांनी मलाच गप्प बसायची खूण केली. तिचं संपायचं होतं.

माझी नोकरी पक्की झाली, बहिणींची लग्नं झाली, आई माझ्याकडे राहायला आली. हे सगळं कुणामुळे झालं ते मला माहीत आहे, आणि तेव्हा सांगायचं राहून गेलं म्हणून आज लिहितो आहे. सरांनी मात्र गल्लीत सांगून ठेवलं होतं, की इंग्रजीत विनायकच्या तोडीचा माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडणार नाही.

त्या पेपरात मला छत्तीस मार्क होते. पास व्हायला पस्तीस लागत.